कमरेला चेनसॉ लटकवायला शिकताना

झाडावर चढून हातकरवतीने छाटणी करणाऱ्याला कमरेवर काय कुठे अडकवायचे याचा फार विचार करावा लागत नाही. करवत मांडीवरच्या म्यानात, मुख्य दोर पोटासमोर, बुंध्याभोवती टाकायचा आखूड आधारदोर, म्हणजे लॅन्यार्ड, कुशीच्या कड्यांना. चेनसॉ घेऊन झाडात काम करायचे ठरले तेव्हा मात्र हार्नेसवरची, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांवरची, एकेक कडी मला नव्याने पाहावी लागली. सॉ कुठे बांधायची आणि कशाने, एवढाच प्रश्न होता. उत्तराला वेळ लागला, कारण सॉच्या पट्ट्याकडून आपण दोन उलट गोष्टी मागत असतो. हातातून सुटली तर त्याने सॉ धरून ठेवावी, आणि सॉ कशात अडकून ओढली गेली तर त्याने ती सोडून द्यावी.

आधी सॉबद्दल. झाडात वापरायच्या सॉची मूठ वरच्या बाजूला असते, अंग आखूड असते आणि बार, म्हणजे जिच्या कडेने दातेरी चेन फिरते ती पट्टी, साधारण ३० ते ३५ सेंटिमीटरचा. स्टिलची एमएस २०१ टी किंवा हुस्कवार्नाची टी५४० एक्सपी ही त्यातली ओळखीची नावे. कंपनी जे वजन छापते ते बार, चेन आणि इंधन वगळून असते, पावणेचार-चार किलोच्या घरात. सगळे चढवून, टाक्या भरून उचलली की ती पाच किलोच्या आसपास भरते. मागच्या टोकाला लटकवण्यासाठी कडी असते, त्यामुळे बार सरळ खाली तोंड करून राहतो. या घडणीमुळे सॉ एका हाताने चालेलशी वाटते, आणि इथेच ती माणसाला फसवते. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की बार उसळून चेहऱ्याकडे येतो. एका हाताला तो झटका आवरत नाही. म्हणून कापताना दोन्ही हात सॉवर, आणि काप झाल्यावर दोन्ही हात मोकळे. मधल्या काळात सॉ कुठे असणार? कमरेला.

आता कमरेवरची जागा. झाडकामाच्या हार्नेसला पोटासमोर सरकत्या कडीचा एक छोटा दोर असतो, त्याला ब्रिज म्हणतात. मुख्य दोर तिथे. दोन्ही कुशींना लॅन्यार्डसाठी धातूच्या मजबूत कड्या. मागे आणि बाजूला सामान अडकवायचे लहान लूप. ब्रिजचा विचार मी केलाच नाही. सॉ दोन पायांमध्ये लोंबणार आणि चेन मुख्य दोराशी खेळणार, हे कुणालाही नको असते. कुशीची कडी आधी मोहात पाडते, कारण ती तुटणार नाही याची खात्री असते. पण तिथे आधीच लॅन्यार्डचा हूक असतो. घामाने डोळे चुरचुरत असताना, न बघता, एकाच कडीतल्या दोन हुकांपैकी एक सोडायचा असेल तर कधी ना कधी भलताच सुटेल. मला ते नको होते.

उरले सामानाचे लूप. बरेच जण सॉ तिथेच अडकवतात आणि वर सांगतात, "तुटला तर बरंच, मला ओढणार नाही." पटण्यासारखे वाटते खरे. मी आकडे मांडून पाहिले. पाच किलोची सॉ एक मीटर खाली पडली तर तिच्यात सुमारे ५० ज्यूल ऊर्जा येते. न ताणणारा पट्टा तिला पाच सेंटिमीटरांत थांबवत असेल, तर त्या क्षणी सरासरी ओढ एकशेपाच किलोच्या वजनाएवढी होते. तोच पट्टा लवचीक असेल आणि दहा सेंटिमीटर ताणत थांबवत असेल तर ती पंचावन्नवर येते. सामानाचे लूप नुसते सामान वाहायला शिवलेले असतात. म्हणजे जो लूप संकटात तुटावा म्हणून निवडला, तो साध्या हातसुटीलाच तुटेल, आणि सॉ खाली उभ्या असलेल्या माणसाच्या दिशेने जाईल.

दुसऱ्या टोकाचा हिशेब आमच्या शिकवणाऱ्या सरांनी करून दाखवला. शेंडा किंवा बुंध्याचा तुकडा कापताना काप मिटतो, बार आत दाबला जातो, आणि नेमका त्याच वेळी तुकडा सुटतो. ३० सेंटिमीटर जाडीचा आणि दोन मीटर लांबीचा ओंडका घ्या. ओले लाकूड पाण्याच्या जवळपास जड धरले तर तो सव्वाशे ते एकशेचाळीस किलोचा होतो. तो पडताना सॉला सोबत नेतो, आणि सॉला पट्ट्याने बांधलेला माणूस पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला असतो. "त्या वेळी तुमचा दोर तुम्हाला वर धरून ठेवणार आणि ओंडका खाली खेचणार," सर म्हणाले. "मधे तुमची कंबर." यापुढे त्यांनी काही सांगितले नाही, सांगायची गरजही नव्हती.

म्हणजे हवा असा पट्टा, जो सॉच्या पडण्याचा झटका सहन करेल आणि ओंडक्याच्या ओढीला मात्र फाटेल. या कामासाठीच बनवलेले पट्टे मिळतात, त्यांना स्ट्रॉप म्हणतात. आतून इलॅस्टिक घातल्याने ते मोकळे असताना आकसून राहतात. चांगल्या स्ट्रॉपमध्ये एक भाग मुद्दाम दुमडून कमी ताकदीच्या टाक्यांनी शिवलेला असतो. ठरलेल्या ओढीपलीकडे ते टाके उसवत जातात किंवा जोड सुटतो. किती ओढीला, ते त्याच्या सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. तो आकडा वाचल्याशिवाय स्ट्रॉप घेऊ नये, आणि ज्यावर आकडाच नाही तो तर नकोच. दोराचा तुकडा आणि कॅराबिनर, म्हणजे उघडमीट होणारी धातूची कडी, यावर वर्षानुवर्षे काम केलेले कसलेले गडी मी पाहिले आहेत. त्यांच्या हाताला मी मानतो, पण त्यांच्या दोराला मानत नाही. तो दोर मध्ये कुठेच सुटणार नाही, आणि अडचण तीच आहे.

स्ट्रॉपचे हार्नेसकडचे टोक मी शेवटी मागच्या बाजूच्या, उजव्या कुशीजवळच्या मजबूत शिवलेल्या जागेला लावले. आमच्या हार्नेसच्या माहितीपत्रकात ती जागा अवजारांच्या पट्ट्यासाठी दाखवलेली होती. प्रत्येक हार्नेसची रचना निराळी असते, त्यामुळे माझे बघून कुणी आपले ठरवू नये. स्ट्रॉपवर सॉच्या बाजूला आणखी एक रिंग असते, आणि सगळी गंमत त्या रिंगेत आहे. कमरेवर प्लॅस्टिकचा उघडा हूक बसवतात, त्यात ती रिंग टाकली की सॉ आखूड होऊन कुशीला टेकते. ही चढतानाची स्थिती. रिंग काढली की पूर्ण लांबी मोकळी होते आणि हात लांबवून कापता येते. त्या प्लॅस्टिकच्या हुकावर माणसाचा भार कधीही द्यायचा नाही. तो फक्त अवजारासाठी असतो.

लांबी ठरवायला मला सगळ्यात जास्त खटपट करावी लागली. गुडघाभर उंचीवर, जाड आडव्या फांदीवरून दोर घेऊन लोंबकळायचे, सॉ बंद, आणि बारवरून चेन काढून ठेवलेली. असा सराव सरांनी पुष्कळ करून घेतला. डावीकडे पूर्ण वळा, उजवीकडे वळा, बुंध्याच्या मागे हात घाला, मग सॉ सोडून द्या. आखूड स्ट्रॉप हात लांब केला की कमरेला हिसका देतो, आणि सोडलेली सॉ नेमकी गुडघ्याशी झुलते. फार लांब ठेवला तर सॉ खालच्या फांद्यांत जाऊन बसते आणि वर सरकताना अडकते. माझ्या अंगाला जमलेली लांबी अशी, की दोन्ही हात ताठ करून सॉ धरता येते आणि सोडल्यावर ती पावलांच्या खाली राहते. उंच माणसाचे गणित वेगळे येईल.

याच सरावात कळले की स्ट्रॉप लॅन्यार्डच्या वरून जातो की खालून, यालाही महत्त्व आहे. खालून गेला तर बाजू बदलताना दोघांची वेटोळी होते, आणि दोन्ही हात गुंतलेले असताना ती सोडवणे हा नसता व्याप. आता लॅन्यार्ड लावून झाल्यावर मी स्ट्रॉपवरून एकदा हात फिरवतो, मगच सॉला हात लावतो.

पहिल्यांदा खरोखर उंचावर कापायला गेलो तेव्हा सॉ घेऊन चढलो नाही. आजही शक्यतो चढत नाही. आधी मी, मग दुसरा आधार, मग सॉ. कापताना मुख्य दोर आणि लॅन्यार्ड असे दोन आधार हवेत, कारण ताणलेल्या दोराला फिरती चेन नुसती शिवली तरी तो तुटतो. अमेरिकेतल्या झाडकामाच्या एएनएसआय झेड१३३ या मानकातही झाडात चेनसॉ चालवताना दुसऱ्या आधाराची अट आहे. माझा लॅन्यार्ड पोलादी गाभ्याचा आहे. त्याला चेन कापू शकत नाही असे नाही, पण निव्वळ दोरापेक्षा तो जास्त तग धरतो.

खाली उभा असलेला साथीदार सॉ जमिनीवरच सुरू करून गरम करतो, चेनचा ताण बघतो, ट्रिगर न दाबता नुसत्या इंजिनावर चेन फिरत नाही ना हे पाहतो, मग बंद करून, चेन रोखणारा ब्रेक लावून ओढदोराला, म्हणजे सामान वर-खाली करायच्या दोराला, बांधतो. गरम सॉ वर गेल्यावर पटकन सुरू होते आणि इंजिन सुरू करायच्या दोरीला हिसके देत बसावे लागत नाही.

"दादा, आली का हातात?"

"आली. थांब, अजून ढील देऊ नको."

हे बोलणे रोजचे आहे आणि ते टाळायचे नसते. स्ट्रॉपचा हूक सॉच्या कडीत बसला, ओढून पाहिला, मग ओढदोराची गाठ सोडायची. क्रम उलटला की सॉ काही क्षण फक्त माझ्या बोटांवर असते.

काप संपला की ट्रिगर सोडायचा, डाव्या हाताने ब्रेक पुढे ढकलायचा, आणि मगच सॉ खाली सोडायची. हे इतक्या वेळा घोटून घेतले आहे की आता हात आपोआप तसाच जातो. जागा बदलायची असेल तर इंजिन बंद. लोंबणाऱ्या चालू सॉसोबत एक फांदीभरसुद्धा सरकायचे नाही.

सायलेन्सरची गोष्ट मात्र मला कुणी आधी सांगितली नव्हती. आमच्या हार्नेसच्या लेगलूपवरचा, म्हणजे मांडीच्या पट्ट्यावरचा, वितळलेला ठिपका बघून ती शिकायला मिळाली. तो ठिपका आधीच्या कुणाच्या तरी कामाचा होता. हार्नेस आणि दोर ज्या धाग्यांचे असतात त्यांपैकी नायलॉन ६ हे २२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, पॉलिएस्टर २५० ते २६० ला. नुकत्याच बंद केलेल्या सॉचा सायलेन्सर यापेक्षा तापलेला असू शकतो. म्हणून सॉ आखूड करून कुशीला घेताना सायलेन्सरचे तोंड बाहेर राहील अशी फिरवून घ्यायची, आणि मुख्य दोराची मोकळी शेपटी त्या बाजूला पडू द्यायची नाही. पँट टाइप सीची, म्हणजे पायाला पुढून-मागून चहूबाजूंनी संरक्षण देणारी. झाडात सॉ मागूनही पायाला लागू शकते, त्यामुळे फक्त पुढून जाड असलेली जमिनीवरची पँट इथे अपुरी.

मोठ्या सॉचा प्रश्न एकदा आला. जाड बुंधा होता आणि लहान बार पुरणार नव्हता. ती कमरेला लावायची की नाही यावर आमच्यात बराच खल झाला. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेचा वीजवाहिन्यांजवळच्या झाडकामासाठीचा नियम असा आहे की ६.८ किलोपेक्षा, म्हणजे १५ पौंडांपेक्षा, जड सॉ झाडात वापरताना ती वेगळ्या दोराने पेललेली हवी. वर आधाराला फांदीच उरली नसेल अशा कामांना त्यात सूट आहे. आमच्याकडे वर चांगली फांदी होती. तेव्हा सॉचा भार स्वतंत्र दोरावर घेतला आणि कमरेला काही बांधले नाही. हाताला फार हलके गेले ते काम.

आणि मनगटाएवढ्या फांद्यांना मी अजूनही हातकरवतच काढतो. सॉ मोकळी करा, सुरू करा, कापा, ब्रेक, बंद, पुन्हा रिंगेत घाला, एवढ्या वेळात हातकरवतीने दोन फांद्या खाली गेलेल्या असतात. बॅटरीवरच्या सॉने यातला बराच वेळ वाचतो आणि सायलेन्सरही नसतो, पण ती लटकलेली असताना जिवंत आहे की बंद, हे आवाजावरून कळत नाही. तिच्याबाबत चढताना बॅटरी काढूनच ठेवायची असा माझा नियम आहे.

उतरण्याआधी सॉ ओढदोराने खाली जाते. स्ट्रॉप मी खाली आल्यावर तपासतो: दुमडलेल्या भागाचे टाके, हुकाची स्प्रिंग, कडेला कुठे चेनचा दात लागला आहे का. तेलाने तो काळाकुट्ट होतो, त्यामुळे उसवलेला टाका पटकन दिसत नाही. साध्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवला की दिसतो. एखादा टाका जरी सुटलेला दिसला तरी तो स्ट्रॉप बाद. उरलेले टाके किती ओढ पेलतील हे मग माहितीपत्रकातला आकडा सांगू शकत नाही. असा बाद पट्टा मी मधोमध कापून टाकतो, नाहीतर आमच्यातला कुणीतरी "चालतोय की" म्हणत तो पुन्हा लावतो.