केमो सुरू असताना भाकरी की मऊ भात?

“केमो चालू आहे, पोट साफ होत नाही, आहारात फायबर, म्हणजे चोथा, वाढवू का?” गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला फोनवर विचारला गेला आहे, दवाखान्याच्या बाकावर विचारला गेला आहे आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत, बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारला गेला आहे. केस गळण्याविषयी चारचौघांत बोलता येते, शौचाविषयी बोलता येत नाही, त्यामुळे विचारणाऱ्याचा संकोच मला कळतो. मी डॉक्टर नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी आठ केमो घेतलेली सोलापूरची बाई, एवढीच माझी पात्रता. तरी तुम्ही विचारलेत म्हणून, जे भोगले आणि नंतर आहारतज्ज्ञ बाईंकडून समजून घेतले, ते लिहिते.

आमच्याकडे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी. भाताला आम्ही आजाऱ्याचे अन्न मानतो. पहिल्या केमोनंतर तीन दिवस पोट साफ झाले नाही, तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी निदान केले की अंगात औषधाची उष्णता आहे आणि इसबगोल घेतले की सगळे सुरळीत होईल. मी भुशाचे दोन मोठे चमचे अर्धा पेला कोमट पाण्यात कालवले. मळमळीमुळे ते पिववेना, म्हणून घट्ट झाल्यावर खिरीसारखे चमच्याने खाल्ले आणि जोडीला मेथीची भाजी व कडक भाकरी घेतली. दुसऱ्या दिवशी पोट टम्म फुगले, बसताही येईना. पाचव्या दिवशी रुग्णालयात फोन केला, तेव्हा सिस्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या : दिवसभरात पाणी किती पिता, आणि उलटी थांबवणारी गोळी कोणती चालू आहे?

ती गोळी ओंडान्सेट्रॉनची होती. मळमळ रोखण्यात ती फार उपयोगी आहे, परंतु तिच्यामुळे आतड्यांची हालचाल मंदावते आणि बद्धकोष्ठ होते. व्हिन्क्रिस्टीनसारखे केमोचे औषध आतड्याच्या नसांवरच परिणाम करते, तर ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फीन ही वेदनाशामके आतड्याला जवळजवळ झोपवतात. त्यात खाणे कमी, पाणी कमी आणि दिवसभर अंथरुणात. इसबगोल स्वतःच्या कितीतरी पट पाणी शोषून फुगते. ते पाणी आपण दिले नाही आणि आतडेही पुढे ढकलेनासे झाले, तर तो फुगलेला गोळा वाटेतच बसतो. माझे नेमके हेच झाले होते. पुढच्या केमोपासून डॉक्टरांनी आतड्यात पाणी ओढून आणणारे लॅक्टुलोजचे सिरप पहिल्याच दिवसापासून सुरू केले आणि इसबगोलाचा डबा जाऊबाईंना परत गेला. त्यांनी तो अजून जपून ठेवला आहे.

आता दुसरी बाजू. केमोची औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि आतड्याचे आतले अस्तर तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होत असते, म्हणून कर्करोगाबरोबर तेही सोलवटते. माझ्या शेजारच्या खाटेवर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एक आजी असत, त्यांना आयरिनोटेकान हे औषध होते आणि घरी गेल्यावर त्यांना जुलाब लागत. त्यामागचे कारण ऐकून मी थक्क झाले. यकृत या औषधाच्या विषारी रूपाला साखरेचा एक रेणू जोडून ते निरुपद्रवी करते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते. तिथले काही जिवाणू तो साखरेचा रेणू तोडून खातात आणि विष पुन्हा मोकळे होते. आजींच्या सुनेने “चोथा पोटाला चांगला” म्हणून मोड आलेल्या मटकीची उसळ केली होती. सोलवटलेल्या अस्तरावरून मटकीची साले जाणे म्हणजे खरचटलेल्या जागेवर काथ्या घासण्यासारखे होते.

म्हणून ‘फायबर’ हा एकच शब्द वापरून भागत नाही. गव्हाचा कोंडा, डाळी-कडधान्यांची साले, पालेभाज्यांचे देठ यांतला चोथा पाण्यात विरघळत नाही. तो मळाला आकारमान देतो आणि आतड्याला टोचणी लावतो. शिजवलेले सफरचंद, पिकलेले केळे, उकडलेले गाजर, ओट्स, लाल भोपळा यांत विरघळणारा चोथा बराच असतो. तो पाणी धरून बुळबुळीत होतो आणि त्यामुळे पातळ मल थोडा घट्ट, तर कडक मल थोडा मऊ होतो. मोठ्या आतड्यातले जिवाणू हा विरघळणारा चोथा आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते, जे तिथल्या अस्तराच्या पेशींचे मुख्य इंधन आहे. निरोगी माणसाने दिवसाला 30 ग्रॅमच्या आसपास चोथा खावा, असे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. शंभर ग्रॅम ज्वारीत तो सुमारे 10 ग्रॅम असतो, पॉलिश केलेल्या तांदळात 3 ग्रॅमहूनही कमी. म्हणजे जाऊबाई एरवीच्या दिवसांसाठी बरोबरच होत्या.

माझे चक्र, म्हणजे एका केमोपासून पुढच्या केमोपर्यंतचा काळ, एकवीस दिवसांचे होते. पहिल्या पाच दिवसांत बद्धकोष्ठ असे, तेव्हा मऊ भात, मुगाचे वरण, दुधी किंवा पडवळ, भिजवलेल्या मनुका आणि दर तासाला थोडे थोडे कोमट पाणी. सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जात आणि तोंड येई. त्या काळात कोशिंबीर, कच्चे मोड, बाहेरचा रस बंद असे. कच्चे खाण्यावर सरसकट बंदी हवी का, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. हात आणि भाज्या नीट धुण्याविषयी मात्र कुणाचाही मतभेद नाही. दह्याचे आणि प्रोबायोटिक (उपयुक्त जिवाणूंच्या) कॅप्सूलचेही याच दिवसांत विचारून ठरवावे, कारण पेशी फार उतरलेल्या असताना कॅप्सूलमधले जिवंत जिवाणू क्वचित रक्तात शिरू शकतात. पंधराव्या दिवसानंतर भूक परत येई, आणि तेव्हाच भाकरी, आधी दुधात कुस्करून, मग साधी.

तुमच्यापैकी काहींनी मला एक फॉरवर्ड पाठवला आहे, की फायबर खाल्ल्याने कर्करोगावरचे औषध जास्त लागू पडते. त्याच्या मुळाशी ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातील संशोधकांचा 2021 सालचा अभ्यास असावा. त्यात त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगाचे रुग्ण होते आणि उपचार इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारा, होता; जास्त चोथा खाणाऱ्यांचा आजार अधिक काळ आटोक्यात राहिलेला दिसला. हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या केमोला चिकटवणे मला धाडसाचे वाटते. त्याच अभ्यासात दुकानातून आणलेल्या प्रोबायोटिकचा फायदा दिसला नव्हता, ही ओळ फॉरवर्डमध्ये नेमकी गळली आहे.

काही वेळा आहाराचा विचार बाजूला ठेवून थेट फोन करावा : दिवसात नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा जास्त शौचाला जावे लागले, 100.4 फॅरनहाइट ताप आला, मलात रक्त दिसले, किंवा पोट फुगून उलट्या होत आहेत आणि वायूही सरत नाही. पेशी कमी असताना घरच्या घरी एनिमा घेऊ नये. माझ्या एका नातेवाइकांनी तो सुचवला होता, म्हणून मुद्दाम लिहिते.

आणि एक शंभर पानी वही करावी. तारीख, केमोचा दिवस, खाल्लेले, पाणी किती पेले, आणि संकोच न करता शौचाची नोंद. माझ्या वहीतले सहाव्या केमोच्या सोळाव्या दिवसाचे पान असे आहे : “अर्धी भाकरी, दोडक्याची भाजी, ताक. पाणी नऊ पेले. सकाळी सात वाजता साफ. जाऊबाईंना कळवले.”