तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीवरची ती खुर्ची

डिसेंबरात गाडीच्या कॅरियरवर सामान बांधायला घेतलं की समोरचे शर्माजी फाटकात येऊन विचारतात, "भिया, घर बदल रिये हो क्या?" त्याच आठवड्यात पुण्या-मुंबईकडच्या आणि इथल्याही नातेवाइकांचे फोन येतात. आम्हालाही एकदा मुलांना घेऊन तंबूत राहायला जायचंय, काय काय न्यायचं ते लिहून पाठव. यादी मी पाठवतो. आजवर बारा-पंधरा जणांना पाठवली असेल. त्यावर सगळ्यांचं उत्तर एकच येतं, सोबत हसणारं तोंड: "बाकी ठीक आहे रे, पण कमोडची खुर्ची? दोन रात्रींसाठी?"

त्या खुर्चीवर काट मारून लोक बाकीची यादी वापरतात, हे मला माहीत आहे. म्हणून या वेळी सगळं एकदाच लिहितो. परत विचारू नका.

आधी सोपं ते. तंबूच्या पिशवीवर 'चार जणांसाठी' असं छापलेलं असतं ते काडेपेटीतल्या काड्यांसारखे चौघे निजले तर. चौघांनी सहाचा घ्यावा. निघायच्या आधी एकदा तो गच्चीवर उभा करून बघावा. आमच्या पहिल्या तंबूत एक दांडी कमी होती, ते आम्हाला काळोखात, इंदूरजवळच्या चोरलच्या वाऱ्यात कळलं. सोबत मिळतात त्या बोटभर मेखांवर आपल्या काळ्या मातीत भिस्त ठेवू नका. डिसेंबरात ही माती भेगाळलेली असते. भेगेत मेख अंगठ्याने दाबली तरी आत जाते आणि वारा सुटला की तितक्याच सहज बाहेर येते. मी वेल्डरकडून हातभर लांब सळया कापून, एक टोक वाकवून आणल्यात. जड आहेत. असू देत.

थंडी वरून नाही, खालून येते. लोक अंगावर दोन-दोन रजया घेतात आणि खाली एक चटई. अंगाखाली कापूस दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि जमीन रात्रभर ऊब ओढत राहते. हवा भरायची गादी दिसायला ऐटबाज, पण आतली हवा गारच राहते, त्यामुळे नुसत्या तिच्यावर पाठ गोठते. आमच्याकडे खाली ताडपत्री, वर सतरंजी, त्यावर फोमची शीट आणि मग घरची कापसाची गादी. हो, घरची. ताडपत्रीची कड तंबूबाहेर राहू देऊ नका, दव तिच्यावर साठून आत शिरतं. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची सुखद रात्र, म्हणून मिरवायला बरं वाटतं, पण पारा आठ-नऊवर उतरलेला आणि तंबू पाण्याकाठच्या खोलगटात असला की शायरी सुचत नाही. गार हवा खाली उतरून तिथेच बसते. तंबू जरा उंचावर लावा.

उंचावर लावायला दुसरंही कारण आहे आणि ते इंदूरच्या माणसाला सांगावं लागू नये. एप्रिल २००५ मध्ये धाराजीला अमावस्येच्या जत्रेसाठी माणसं नर्मदेकाठी जमली होती, आणि वरच्या धरणातून सोडलेलं पाणी येऊन त्यांना घेऊन गेलं. जुलै २०११ मध्ये पातालपाणीच्या धबधब्यावर अचानक लोंढा येऊन माणसं वाहून गेली, तेही आपण सगळ्यांनी मोबाइलवर बघितलंय. कोरड्या पात्रातली वाळू मऊ असते, मान्य. तिथे झोपायचं नाही.

तंबूत शेगडी न्यायची नाही. निखारे विझत आलेत म्हणून तर मुळीच नाही, त्यांच्या वायूला वासही नसतो. वरची जाळी थोडी उघडी ठेवा. सकाळी कापड आतून ओलं झालेलं दिसतं तो आपलाच रात्रभरचा श्वास असतो.

खाण्याचं सांगायची गरज नाही, आपण इंदूरचे आहोत. पहिल्या रात्री स्वयंपाक नाही: दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, शेव. सकाळी पोहे. त्यांवर भुरभुरायचा जीरावन मसाला विसरलात तर परत फिरा. दाल-बाफल्यांचा घाट घालू नका. बाफले म्हणजे कणकेचे गोळे, ते आधी उकडायचे, मग गोवऱ्यांवर भाजायचे, त्यात अर्धा दिवस जातो आणि तो कुणाचा जातो हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे तो सहा वर्षं माझ्या बायकोचा जात होता आणि मी फोटो काढत होतो.

आता खुर्ची.

बाविसाव्या वर्षी मी हिमालयात जाऊन आलो आणि एक वाक्य घेऊन आलो: पाठीवर मावत नाही ते लागतही नाही. लग्न झालं, मुलं झाली, पाठीच्या जागी गाडीची डिकी आली, वाक्य तेच राहिलं. निघताना मी सॅक वजनकाट्यावर ठेवायचो. बायकोने दुसरी उशी काढली की मी ती परत कपाटात ठेवायचो. मुलगी मनू तेव्हा तेरा वर्षांची होती, मुलगा आठचा. 'उगाच लाड नकोत' हे माझं दुसरं वाक्य.

डिसेंबर २०१८. चोरलच्या बाजूला, घरापासून चाळीसेक किलोमीटरवर ओळखीच्यांचं शेत होतं. त्या वर्षी पहिल्यांदा आई बरोबर आली. बहात्तर वर्षांची, गुडघे गेलेले, पण नातवंडांनी गळ घातली म्हणून तयार झाली. सकाळी डबे भरता भरता तिने मला विचारलं, "तिथे व्यवस्था कशी आहे रे?"

मी म्हणालो, "अगं, मोकळं रान आहे सगळं! निसर्ग!"

ती "बरं" म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

दिवस सुरेख गेला. कालाकुंडच्या स्टेशनावर कलाकंद खाल्ला, मुलांनी पाण्यात खडे मारले. संध्याकाळी आईने चहा नको म्हटला. चहा नको म्हणणारी ही बाई नव्हे. छातीत जळजळतंय म्हणाली, मी ऐकलं आणि तिचा कप मी प्यायलो. रात्रीची गोळी तिने एका घोटावर घेतली. हेही माझ्या समोर झालं.

सकाळी सहाला मी तंबूतून बाहेर आलो तेव्हा आई दुसरी साडी नेसून खुर्चीत बसली होती. तळहाताला रुमाल बांधलेला, चेहरा पांढरा. आदल्या दिवशीची साडी बायको हातपंपावर धूत होती. "बांधावर पाय घसरला," आई म्हणाली. तिला गरगरत होतं, म्हणून लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून मी तिला घोट घोट पाजलं. मला वाटलं मी किती तत्पर आहे. दुपारी घरी आलो. पायऱ्या चढताना आई म्हणाली, "छान होतं रे. मोकळं."

खरं काय झालं ते मला मार्चमध्ये कळलं. इंदिरा सागर धरणाकाठच्या हनुवंतियाला जायचं ठरत होतं, आई नको म्हणाली, मी चिडलो, तेव्हा बायकोने सांगितलं. आई दुपारपासून पाणीच प्यायली नव्हती, रात्री उठावं लागू नये म्हणून. तरी पहाटे चारला उठावं लागलंच. कुणाला जागं केलं नाही. मोबाइलच्या उजेडात तुरीच्या शेताकडे गेली, बसली आणि उठता येईना. गुडघे लॉक झाले. आधाराला हाताशी आली ती बाभळीची फांदी. बायकोला जाग आली, अंथरूण रिकामं दिसलं, ती शोधत गेली तेव्हा पावणेपाच वाजले होते. म्हणजे पाऊण तास. तंबूपासून तीस पावलांवर. आईने हाक मारली असती तर मला ऐकू आली असती. तिने मारली नाही.

"त्याला सांगू नकोस," एवढंच तिने सुनेला सांगितलं.

मी काय केलं असेल? मी म्हणालो, "मला सांगायचं ना!" बायको म्हणाली, "निघायच्या आधी आईंनी विचारलं होतं तुम्हाला." आणि मग, कांदा चिरता चिरता, "मी पण अशा ठिकाणी दुपारनंतर पाणी पीत नाही. मनूला पण मीच शिकवलंय. तुमच्या लक्षात कधी आलं?"

नव्हतं आलं. सहा वर्षं. डोकं दुखतंय म्हणून ती दर वेळी लवकर झोपायची, मी तिला ताजी हवा घ्यायला सांगायचो.

माझी बाजूही आहे, मांडतो. आईचं माहेर धारचं, वाड्याच्या मागे विहिरीपलीकडे संडास, रात्री कंदील घेऊन जायची हे तिनेच आम्हाला हसत हसत सांगितलेलं. तिला सवय असेल असं मला वाटणं अगदीच चूक होतं का? पण तेव्हा गुडघे सोळा वर्षांचे होते, आणि वाड्यात 'व्यवस्था' होती, लांब का असेना. २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या शहरात मी राहतो. सहलीला जाताना गाडीत ओल्या-सुक्या कचऱ्याच्या वेगळ्या पिशव्या ठेवतो, शेंगांची टरफलंही परत आणतो. आणि 'व्यवस्था' म्हणजे काय हे मला कळलं नाही. की कळलं होतं आणि मी निसर्गावर ढकललं? हिमालयातून आलेला तो पोरगा अजून म्हणतो, एवढा पसारा न्यायचा तर जाताच कशाला. त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. हनुवंतियाच्या तयार तंबूत पलंग, नळ, संडास सगळं असतं. आम्ही गेलो, आई आली, सगळे पाणी प्यायले. मुलगा म्हणाला, "बाबा, हे तर हॉटेल आहे." तोही चुकला नाही.

तर यादीत असं लिहा. सर्जिकल सामानाच्या दुकानातून घडीची कमोड खुर्ची, दोन्हीकडे हात असलेली. खाली झाकणाची बादली, शेजारी डबाभर चुलीची राख. चार बांबू आणि घरचे जुने पडदे, जाड, ज्यातून उजेडात सावली दिसत नाही असे. खुरपं, वीतभर खोल खड्ड्यासाठी. तो पाण्यापासून साठ मीटर तरी लांब, म्हणजे मोठी ऐंशी पावलं. कागद परत आणायला काळी पिशवी. तिथे रात्रभर जळणारा एक कंदील, म्हणजे कुणाला विचारून किंवा उठवून जावं लागत नाही. तंबूपासून तिथवर कमरेच्या उंचीवर नायलॉनची दोरी. पोचल्यावर सगळ्यात आधी हे उभं करायचं, चहाच्या आधी. आणि कुणी "चहा नको" म्हणालं तर मान्य करायचं नाही.

२०२२ च्या जानेवारीत आई पुन्हा चोरलला आली. गाडी निघायच्या आधी वर बघून म्हणाली, "सगळ्या गल्लीला दिसेल असं कशाला बांधलंयस ते?" मी भर रस्त्यात खुर्ची उतरवली, निळ्या ताडपत्रीत गुंडाळली आणि परत बांधली. शर्माजी बघत होते. हे सगळं मी इथे लिहिलंय हे आईला कळलं तर ती काय म्हणेल याचा अंदाज आहे मला.

त्या संध्याकाळी तिने चहा घेतला. अर्धा कप.