तुम्ही विचारलंत म्हणून: हरीणच का?

रविवारी सकाळी बेळगावात आमच्या शहापुरातल्या घरी माडीवर पंधरा-वीस पोरं जमतात, चित्रं आणि हातकाम करायला, आणि सोडायला आलेल्या आयांपैकी एखादी तरी जिन्यातच गाठून विचारते, की टीचर, गणपत गल्लीत रंगवायची पुस्तकं ढिगानं मिळतात की ओ, तुम्ही कोरा कागद का देता, आणि एवढी जनावरं सोडून सारखं हरीणच का? आज जरा बसून सांगते. जिन्यात सांगायला जमत नाही, खाली कुणाची तरी स्कूटर आडवी लागलेली असते.

हरीण सुरू झालं ते माझ्याच चुकीनं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेची भिंत बालदिनासाठी रंगवायचं काम माझ्याकडं आलं होतं. मी मोठ्ठी हरणी काढली, पाडसाला चाटतेय अशी, आणि तिच्या डोक्यावर फांद्यांसारखी झकास शिंगं दिली, कारण हरीण म्हटलं की ठिपके आणि शिंगं, आपल्या डोक्यात तेवढंच. सगळे छान छान म्हणाले. एका पोरीचे वडील खानापूरकडं जंगलात गार्ड होते, ते भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "टीचर, ही आई न्हवं? मग शिंगं कुठनं आली हो?"

चितळाच्या, सांबराच्या मादीला शिंगं नसतातच. नराला असतात, तीसुद्धा गळून पडतात आणि परत नवीन येतात, वाढताना वर मखमलीसारखी कातडी असते. हे मला तिशी उलटल्यावर कळलं! घरी येऊन पोरांची रंगवायची पुस्तकं उघडली तर आईला शिंगं, पाडसाला शिंगं, एकात तर तोंड गाढवाचं. छापील पुस्तक तेव्हापासून माझ्याकडं बंद. रेषेच्या आत रंग भरायची सवय हाताला चांगलीच, त्याबद्दल तक्रार नाही, पण चित्र आधीच काढलेलं असलं की पोरगं बघत नाही, नुसतं भरत सुटतं.

म्हणून मी कागद द्यायच्या आधी विचारते, कुठलं हरीण? पहिल्यांदा सगळे गप्प. मग एक म्हणतं हरीण म्हणजे हरीण, शेजारचं कानडी शाळेतलं म्हणतं जिंके, आणि हुबळीला मामाकडं जाऊन आलेला एक पठ्ठ्या म्हणाला चिगरी म्हणजे बस! बरोबरच होतं त्याचं, हुबळी-धारवाडच्या त्या बीआरटीएस बसला, वेगळ्या राखीव रस्त्यानं धावते तिला, चिगरीच म्हणतात. चिगरी म्हणजे काळवीट, राणेबेन्नूरला त्यांचं अभयारण्य आहे, आणि गंमत म्हणजे काळवीट हे खरं हरीणच नव्हे, ते कुरंग, इंग्रजीत अँटिलोप म्हणतात ते. त्याची शिंगं पिळाची आणि ती गळत नाहीत. आपल्या भीमगडच्या जंगलात चितळ, सांबर, भेकर आणि पिसोरी. सांबर मोठं, गडद तपकिरी, ठिपक्यांचा पत्ताच नाही. भेकर तांबूस, शिंगं बोटाएवढी आणि ओरडतं कुत्र्यासारखं, हे सांगितलं की पुढची दहा मिनिटं माडीवर नुसतं भुंकणं, खालून सासूबाई हाक मारतात काय चाललंय म्हणून. पिसोरी सशाएवढी, तिला शिंगंच नाहीत, त्यामुळं लहान पोरं तीच निवडतात, शिंगं काढायचा त्रास नको.

पण खरी मजा चितळाच्या ठिपक्यांची. बहुतेकजण आधी तपकिरी रंगवतात आणि वर पांढऱ्या पोस्टर कलरचे ठिपके देतात, आणि खालचा रंग ओला असला की ते सगळे चहाच्या रंगाचे होतात, मग रडारड. मी उलटं करते. खडूंच्या डब्यातला पांढरा खडू बघा, बाकी सगळे झिजून तुकडे झालेले असतात आणि पांढरा नवाकोरा, कारण पांढऱ्या कागदावर त्याचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही. तो मेणाचा खडू घ्यायचा आणि पेन्सिलीनं काढलेल्या चितळावर जोर देऊन ठिपके द्यायचे. काहीच दिसत नाही. पोरं वैतागतात. कागद खिडकीकडं तिरका धरला की मेण चकाकतं, तेवढ्यावरच अंदाज घ्यायचा. मग वॉटर कलर, बर्न्ट सिएना म्हणजे तो तांबूस तपकिरी, त्यात थोडा पिवळा, चांगला पातळ करून मोठ्या ब्रशनं एकदाच फिरवायचा. मेणावर पाणी टिकत नाही, रंग बाजूला सरकतो आणि एकेक ठिपका वर यायला लागतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा वडगावची एक बारकी पोरगी ब्रश हातात तसाच धरून म्हणाली, "ओ टीचर, हे आधीच आत होते काय?" वहीच्या कागदावर मात्र करू नका, त्याच्या लाटा होतात, ड्रॉइंग शीटच घ्या.

ठिपके कुठंही टाकायचे नाहीत, हेही मी बडबडते. चितळाच्या पाठीवरून मधोमध एक गडद पट्टा जातो, त्याच्या दोन्ही बाजूंनी ठिपक्यांच्या ओळी, आणि पोटाकडच्या ओळीतले ठिपके इतके जवळ येतात की लांबून रेघच वाटते. गळा पांढरा, पोट पांढरं. झाडाखाली कवडसे पडतात त्यात असं जनावर उभं राहिलं की दिसत नाही, म्हणून ते ठिपके. आमच्या अंगणात आंब्याखाली पोरांना उभं करून एकमेकांच्या शर्टावरचे कवडसे बघायला लावते, मग वेगळं समजवावं लागत नाही. कुणी सोनेरी हरीण मागितलं, सीतेचं, तर बिनधास्त सोनेरी रंग देते, ते मारीचाचं सोंग, त्याला कसले नियम!

हातकामाला मी विकतचं काही आणत नाही. वडगाव-खासबागला घरोघरी माग आहेत, सुताचे पुठ्ठ्याचे रिकामे कोन पोत्यानं मिळतात. कोन आडवा धरला की निमुळतं टोक म्हणजे हरणाचं तोंड, वेगळं काही कापायलाच नको. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे कान, वर दोन भोकं पाडून वाळक्या काटक्या फेविकॉलनं बसवायच्या. नुसत्या चिकटवल्या तर घरी पोचेपर्यंत एक शिंग रिक्षात पडतं, म्हणून भोक पाडाच, आणि ते मोठ्यांनी पाडायचं. डिसेंबरात नाताळसाठी कॅम्पातल्या शाळांची पोरं याच कोनाला लाल नाक लावून रेनडिअर करतात, तिथं मात्र आईलाही शिंगं द्यायची, कारण रेनडिअरच्या मादीलाही असतात. पोरांना हे फार आवडतं, मला पकडायला बघतात, "टीचर, तुम्हीच म्हणालेलासा नाही म्हणून!"

एकदा एक मुलगा आजोळाहून खरंच सांबराचं शिंग पिशवीत घालून घेऊन आला, कोनाला लावायला! ते कोनापेक्षा कितीतरी मोठं आणि जड. मी त्याच्या आईला फोन केला. वन्यजीव कायदा 1972 चा आहे, आपोआप गळलेलं असलं तरी शिंग असं घरी आणून ठेवता येत नाही, हे तिला सांगितलं तर ती म्हणाली आमच्या आजोबांनी पन्नास वर्षं टोपी अडकवलीय त्याला. पुढं काय केलं त्यांनी, मी विचारलं नाही. पोराला मात्र त्या दिवशी ते शिंग समोर ठेवून चित्र काढू दिलं, बुंध्याजवळचा तो खडबडीत गोल कडा त्यानं खोडून खोडून तीनदा काढला, कागद फाटला तिथं.

तर कोन हवे असतील तर पिशवी घेऊन या, पण दहाच्या आत. नंतर मोठी पोरं त्याचे भोंगे करतात.