एफ-टू दाबलं आणि हार्ड डिस्क ‘गेली’

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडतीवरून फोन आला तो निदान ठरवूनच. "हार्ड डिस्क गेलीय, नवी घेऊनच या." काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ होती, ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. माल भरलेली गाडी दारात उभी होती आणि माल नेण्यासाठी लागणारं ऑनलाइन ई-वे बिल निघत नव्हतं.

ही ओळ दिसली की डिस्क गेली असं बऱ्याच जणांना वाटतं. बायोसनं (मशीन चालू होताच आधी जागा होणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) ज्या डिस्ककडे आधी पाहिलं तिच्यावर सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही, एवढंच ती ओळ सांगते. मशीन असेंबल्ड होतं. एच६१ चिपसेटचा बोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, विंडोज १० एका २४० जीबी एसएसडीवर आणि शेजारी बॅकअपसाठी ठेवलेली जुनी ५०० जीबी हार्ड डिस्क. यार्डात अशी मशीनं अजून ढिगानं आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बराच नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ते यांच्यावर रीतसर चढत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे सांगितलं की "चालतंय की अजून" असं उत्तर येतं.

सोबत आयटीआयचा ‘कोपा’ (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) ट्रेड करून आमच्याकडे काम शिकायला आलेला मुलगा होता. त्यानं डिलीट दाबून बायोस उघडलं. एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही नावासकट दिसत होत्या, फक्त बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे कोणत्या डिस्ककडे आधी पाहायचं त्या क्रमात, हार्ड डिस्क वर आणि एसएसडी खाली गेली होती. त्यानं क्रम बदलला, सेव्ह केलं. विंडोजचा लोगो आला, खालचे ठिपके दोन-चार वेळा फिरले आणि निळा पडदा आला. त्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’, म्हणजे विंडोजला सुरू होताना स्वतःची डिस्क सापडत नाही. जुन्या भाषेत एरर क्रमांक सेव्हन-बी.

"सर, बूटरेक मारू का?" त्यानं विचारलं. बूटरेक म्हणजे विंडोज सुरू करणाऱ्या फाइली दुरुस्त करायचं साधन. त्याचे फिक्सएमबीआर, फिक्सबूट, रिबिल्डबीसीडी हे तीन कमांड नव्या पोरांना तोंडपाठ असतात. इथं त्यांचा काही उपयोग नव्हता. बायोस, मग बूट मॅनेजर, मग विंडोज लोडर, मग कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, असा क्रम असतो. निळा पडदा कर्नल काढतो. म्हणजे बूट मॅनेजरनं आणि बीसीडीनं (कोणतं विंडोज कुठून सुरू करायचं ती नोंद) आपलं काम करून गाडी पुढं ढकललेली होती. जे चाललंय तेच दुरुस्त करायला गेलं की कधीकधी दुसराच बिघाड अंगावर येतो.

सुरू होता होता मशीन लागोपाठ पडलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यावर जातं. तिथं ‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘कमांड प्रॉम्प्ट’. डिस्कपार्ट, मग लिस्ट व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कवरच्या भागांची यादी येते. इथली ड्राइव्हची अक्षरं नेहमीची नसतात. सी म्हणून दिसत होतं ते ‘सिस्टिम रिझर्व्हड्’चं छोटं पार्टिशन आणि विंडोज होतं डी वर. हे न पाहता सी वर कमांड चालवणारे खूप भेटतात. डी वर डिर ही यादी दाखवणारी कमांड दिल्यावर यूजर्स आणि हिशेबाचा फोल्डर, सगळं जागच्या जागी. डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवलं ते मुद्दाम एफ (दुरुस्तीही कर) न लावता. नुसतं तपासायचं असतं तेव्हा डिस्कवर काही लिहू द्यायचं नाही. दोष शून्य.

याच जागी आधी डेटा बाहेर काढून घ्यावा. कमांड प्रॉम्प्टवर नोटपॅड लिहून एंटर मारायचं, फाइल, ओपन, खाली ‘ऑल फाइल्स’ निवडायचं. त्या छोट्या खिडकीतच फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी आणि पेन ड्राइव्हवर पेस्ट. किती झालं, किती राहिलं हे दाखवणारी पट्टी तिथं येत नाही, म्हणून पेन ड्राइव्हचा दिवा थांबेपर्यंत हात लावायचा नाही.

डिस्क धड, फाइली धड, तरी विंडोजला सुरू होताना डिस्क दिसत नाही. मग डिस्क जोडणारा बोर्डावरचा कंट्रोलर बदललाय का, हा पुढचा प्रश्न. तो मशीनला विचारण्याआधी दिवाणजींना विचारला. काल काय काय केलं?

"काल कुठं काय केलं? रोज सकाळी येतंय ते आलं. एफ-वन दाबायचं, मग एस्केप, मग एंटर. चालू होतंय. आज मी यायच्या आधी अडतीवरच्या पोरानं लावलं, त्यानं काय दाबलं कुणास ठाऊक."

पोरानं एफ-टू दाबलं होतं. तारीख-वेळ हरवली की या बोर्डावर दोन ओळी येतात. एफ-वन म्हणजे सेटअप उघडा, एफ-टू म्हणजे मूळ सेटिंगं भरून पुढं चला. दिवाणजी सेटअप उघडून काही न बदलता बाहेर पडत होते. एफ-टूनं मात्र बूट ऑर्डर उलटली आणि साटा मोड, म्हणजे कंट्रोलरनं डिस्कशी कोणत्या पद्धतीनं बोलायचं ते सेटिंग, नव्या एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर गेला, कारण या बोर्डाचं मूळ सेटिंग आयडीई आहे. विंडोज बसवताना एएचसीआय होतं, तेव्हा विंडोजनं त्याचाच ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) सुरुवातीला उचलायच्या यादीत ठेवला आणि आयडीईचा बाजूला सारला. दुरुस्तीचा पडदा समोरचं हार्डवेअर पाहून ड्रायव्हर उचलतो, म्हणून त्याला डिस्क दिसत होती.

साटा मोड परत एएचसीआय केला, एफ-टेननं सेव्ह केलं आणि विंडोज उघडलं. (मुद्दाम मोड बदलायचा असेल, तर आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या खिडकीतून सेफ बूट लावावं, रीस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदलावा, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्यावं आणि मग सेफ बूट काढावं. विंडोज नव्यानं टाकायची गरज नसते.)

मूळ दुखणं बोर्डावरच्या, मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणाऱ्या सेलचं. कॅबिनेट उघडलं तर आत सगळं पिवळं. प्रोसेसरच्या पंख्यावर, हीटसिंकच्या पात्यांमध्ये हळदीचा थर बसलेला, बोट फिरवलं की बोटावर येणारा. पंखा बोटानं धरून ब्लोअर मारला, रॅम काढून स्लॉट ब्रशनं झाडला. सीआर२०३२ सेल मीटरवर १.९ व्होल्ट दाखवत होता. नवा ३ च्या वर दाखवतो. २.७ च्या खाली उतरला की मी बदलतो. पॉवर केबल काढून, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून ठेवून, अधिक खूण वर येईल असा नवा सेल बसवला.

हे सेल अडतीवर लवकर का संपतात, ते मुलानं विचारलं ते बरं झालं. मशीन बंद असलं तरी केबलला वीज असेल तर घड्याळ एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, ५ व्होल्ट स्टँडबायवर चालतं, सेल खर्ची पडत नाही. यार्डात संध्याकाळी मेन स्विच पाडूनच कुलूप लागतं. रात्रभर आणि सुट्टीभर सगळा भार सेलवर. मेन पाडणं बरोबरच आहे, फक्त तिथं सेलही ठराविक काळानं बदलावा लागतो.

घड्याळ २०१२ मध्ये जाऊन बसलं होतं. ब्राउझर सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र आजच्या तारखेशी ताडतो, म्हणून पोर्टल उघडेना. विंडोज इंटरनेटवरून वेळ का घेत नाही? फरक १५ तासांपेक्षा जास्त असेल तर विंडोजची टाइम सर्व्हिस तो आपणहून दुरुस्त करत नाही. तारीख हातानं टाकली, मग ‘सिंक नाऊ’. घड्याळ नेमकं साडेपाच तासच (भारत आणि ग्रिनिच यांच्या वेळेतला फरक) चुकत असेल तर मात्र सेलला दोष देऊ नये. कुणीतरी पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम लावलेली असते, किंवा टाइम झोन बदललेला असतो.

ई-वे बिल निघालं, गाडी गेली. मुलानं बॅगही आवरली होती, पण बॅकअप बघायचा राहिला होता. रोज संध्याकाळी एका बॅच फाइलनं (कमांड ओळीनं लिहून ठेवलेली फाइल) हिशेबाचा फोल्डर ५०० जीबी डिस्कवर जायचा. आत एक्सकॉपी ही फाइली नेणारी कमांड आणि तिला स्लॅश-डी लावलेलं, म्हणजे तिकडच्यापेक्षा नवी असेल तीच फाइल न्यायची. पोर्टल लागायचं त्या दिवशी दिवाणजी तारीख नीट करायचे, नाही लागलं तर तशीच सोडायचे. त्या दिवसांत बदललेल्या फाइलींवर २०१२ चा शिक्का बसला आणि एक्सकॉपीनं त्यांना जुन्या समजून वगळलं. पडद्यावर चूक म्हणून काही येत नाही, ‘० फाइल्स कॉपीड’ येतं आणि खिडकी मिटते. स्लॅश-डी काढून सगळा फोल्डर एका नव्या नावाच्या फोल्डरमध्ये पुन्हा नेला, दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि आकार जुळवून पाहिले आणि बॅच फाइलच्या शेवटी ‘पॉज’ लिहिलं, म्हणजे खिडकी लगेच मिटणार नाही आणि किती फाइली गेल्या ते दिवाणजींना वाचता येईल.