कानो रही गयो हशे

नवापूरला बसून मराठी-गुजराती कागदांची भाषांतरं करणारा माणूस उपाशी मरत नाही. आमच्या स्टेशनाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. जमिनीचे, शाळेचे, कोर्टाचे कागद रोज इकडून तिकडे जातात. बहुतेक काम कंटाळवाणंच. गुजराती 'ओरडो' म्हणजे खोली. खरेदीखतात तो आला तरी आरडाओरड्याशी गल्लत होत नाही, कारण घराच्या व्यवहारात आरडाओरडा बसतच नाही. वाक्यच चूक पकडून देतं.

छळतात ते वेगळे शब्द. चुकीचा अर्थसुद्धा ज्यांच्या वाक्यात चपखल बसतो ते.

तालुक्यातल्या एका पाड्यावरचा तरुण शेतकरी विहिरीत पडून गेला. पॉलिसी सुरतेत काढलेली, वर्षही न झालेली. विमा कंपनीचं पत्र आलं: मृत्यू आत्महत्येने, भरलेल्या हप्त्यांपैकी ८० टक्के रक्कम परत मिळेल. पहिल्या १२ महिन्यांत आत्महत्या झाली तर नियम तसाच आहे. त्याच्या बायकोने पत्र माझ्याकडून वाचून घेतलं. घरात मावची बोलणारी ती बाई, मराठीत एवढंच म्हणाली, "दादा, हे त्यांना कोणी सांगितलं?"

ती, तिचा भाऊ आणि मी सुरतेच्या कार्यालयात गेलो. उत्तर घटनास्थळाच्या पंचनाम्यातच होतं. हवालदाराने लिहिलं होतं, 'अपघाताने विहिरीत पडून'. गुजरातीत 'आपघात' म्हणजे आत्महत्या. आपण ज्याला अपघात म्हणतो त्याला ते 'अकस्मात' म्हणतात. लिपी ओळखीची, म्हणून तिथल्या कारकुनाने कुणाला न विचारता सारांश स्वतःच करून टाकला होता. इथे 'अ'ला काना नाही, हे मी बोट ठेवून दाखवलं तर म्हणाला, "कानो रही गयो हशे." म्हणजे चूक पुन्हा पोलिसांचीच! लिपी वाचता आली की भाषा आली, हा समज आपल्या बाजूलाही काही कमी नाही म्हणा.

पंचनामा मात्र नमुनेदार होता. एरवी आमच्याकडे साच्यातले पंचनामे येतात, फक्त नावं बदललेली. या हवालदाराने काठाच्या दगडावरचं शेवाळ, त्यात उमटलेला घसरल्याचा ओरखडा, कप्पीत अडकलेला दोर, पाण्यावरची बादली, एकूणएक टिपलं होतं. मी ओळीमागून ओळ गुजरातीत वाचली. मोठे साहेब सज्जन होते, मन लावून ऐकत होते. मधेच त्यांनी पान उलटलं आणि चेहरा खुलला. वर ठळक अक्षरांत 'अकस्मात मृत्यू'. "आमां तो अकस्मात ज लखेलुं छे! वात पूरी."

इथे मी तोंड मिटून बसायला हवं होतं, असं तिच्या भावाचं अजूनही म्हणणं आहे.

पण त्या शीर्षकाने काहीच सिद्ध होत नाही. बुडालेला असो, साप चावलेला असो की गळफास घेतलेला, आपलं पोलीस ठाणं आधी 'अकस्मात मृत्यू' म्हणूनच नोंद करतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली. गंमत म्हणजे गुजरातचे पोलीसही आत्महत्येची पहिली नोंद 'अकस्मात मोत' अशीच करतात. ठाण्याबाहेर ते कुणाला ठाऊक नसतं. एका शब्दाने तिचा दावा बुडवला म्हणून मी भांडायला आलो होतो. दुसरा तसलाच शब्द तो तारत होता, आणि भाषांतराखाली सही माझी होती. मी सांगून टाकलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पोलिसांचा अंतिम अहवाल मागवला.

प्रांत कार्यालयातून तो हलेपर्यंत पावसाळा गेला, दिवाळीही गेली. अहवालात अपघातच निघाला, पैसे अपघात लाभासकट मिळाले. भाऊ मला बाजारात ओळख दाखवत नाही. मी आधी साहेबांकडून पंचनाम्यावरच निर्णय लिहून घ्यायचा आणि शीर्षकाचं नंतर बोलायचं, असं कधी कधी मनात येतं. पण मग मी तिचा वकील झालो असतो. ती स्वतः मला काही बोलली नाही. मधल्या काळात बैलजोडी विकावी लागली, ती कुठल्या दाव्यात धरत नाहीत.