बाबांच्या संगणकासाठी मोफत अँटिव्हायरस निवडताना

मिरजेच्या घरी बाबांचा एक डेस्कटॉप संगणक आहे. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद स्वीकारले आणि तेव्हापासून सभासदांची थकबाकी, पाण्याच्या बिलाची विभागणी, वार्षिक सभेची इतिवृत्ते असा सगळा कारभार त्या यंत्रात साठत गेला. २०२५ च्या दिवाळीत घरी गेलो, तेव्हा फराळाची ताटली हातात देतानाच ते म्हणाले, "अरे, अँटिव्हायरस संपला म्हणून सारखी पिवळी खिडकी उघडते आहे. पैसे भरू, की फुकटातला एखादा टाकून देतोस?" प्रश्न साधा होता; उत्तर शोधण्यात मात्र माझे तीन दिवस गेले.

आधी यंत्राची अवस्था पाहिली. बाबांना वाटत होते की त्यात एक अँटिव्हायरस आहे, पण प्रत्यक्षात दोन होते. पहिला दुरुस्तीच्या दुकानातून आला होता. त्याची मुदत संपली होती, तरी त्याचे अर्धेअधिक भाग पार्श्वभूमीवर चालूच होते. दुसरा, मोफत मिळणारा, माझ्या आतेभावाने "असू दे जास्तीचा" म्हणून टाकून दिला होता. अँटिव्हायरसच्या बाबतीत जास्तीचा हा शब्द घातक आहे. रिअल-टाइम संरक्षण म्हणजे उघडली जाणारी प्रत्येक फाइल आधी अडवून तपासणे. दोन पहारेकरी एकाच दारात उभे राहिले की तीच फाइल दोनदा अडते, क्वचित एक दुसऱ्याच्या फायलींनाच संशयित ठरवतो, आणि यंत्र सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो. शिवाय बाहेरचा अँटिव्हायरस बसला की विंडोजमधला स्वतःचा डिफेंडर आपोआप बाजूला होतो. तसा तो येथेही झोपलेला होता.

पैसे भरावेत की नाही, हा प्रश्न आमच्या घरात थोडा भावनिकही आहे. अँटिव्हायरस म्हटले की आमच्याकडे अनेकांना क्विक हीलचेच नाव आठवते. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामापासून सुरुवात केलेल्या कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी नव्वदच्या दशकात पुण्यात उभा केलेला हा उद्योग २०१६ मध्ये शेअर बाजारातही गेला, याचे कौतुक बाबांना आजही आहे. ज्या घरात दहा माणसे दहा प्रकारच्या फायली उघडतात, किंवा अडचण आल्यावर फोनवर बोलायला कोणीतरी हवे असते, तेथे पैसे मोजून घेतलेला अँटिव्हायरस वाया जातो असे मी म्हणणार नाही. पण बाबांचा वापर म्हणजे एक्सेल, ईमेल, बँकेचे संकेतस्थळ आणि सकाळची वृत्तपत्रे. एवढ्यासाठी दरवर्षी नूतनीकरणाची रक्कम भरणे मला पटेना, म्हणून मी मोफत पर्यायांकडे वळलो.

मोफत अँटिव्हायरस निवडताना बहुतेक जण "कोणता जास्त व्हायरस पकडतो?" असे विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: या कंपनीचा खर्च कोठून निघतो? अँटिव्हायरसला संगणकातील प्रत्येक फाइल वाचण्याची आणि बऱ्याचदा प्रत्येक संकेतस्थळाचा पत्ता पाहण्याची मुभा आपण स्वखुशीने देतो. इतका अधिकार आपण घरच्या माणसालाही देत नाही. या अधिकाराचे काय होऊ शकते, याचे ठळक उदाहरण अवास्टचे आहे. प्राग येथील ही कंपनी मोफत अँटिव्हायरससाठी जगभर प्रसिद्ध होती. तिच्या जंपशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकली जात असल्याचे जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी उघड केले आणि त्याच महिन्यात अवास्टने जंपशॉट बंद करण्याची घोषणा केली. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत ग्राहकहित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकण्यास मनाई केली. लोकांनी आपल्यावर पाळत राहू नये म्हणून घेतलेल्या साधनातूनच ही माहिती गेली होती, ही गोष्ट मला दंडाच्या रकमेपेक्षा मोठी वाटते.

आज अवास्टवर ते बंधन आहे आणि जुन्या चुकीसाठी तिला कायमचे वाळीत टाकावे असेही नाही. परंतु "मग एव्हीजी घेतो, नाहीतर अविरा" असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एव्हीजी २०१६ मध्येच अवास्टने विकत घेतली, अविरा नंतर नॉर्टन या दुसऱ्या नामांकित अँटिव्हायरसच्या मालकांकडे गेली, आणि २०२२ मध्ये नॉर्टन व अवास्ट एकत्र येऊन जेन डिजिटल ही कंपनी झाली. दुकानात चार पाट्या दिसतात, गल्ला एकच आहे. याच घराण्यातील नॉर्टन आणि अविरा यांनी मध्यंतरी अँटिव्हायरसच्या सोबत आभासी चलन खणण्याची, म्हणजे संगणकाला सतत गणिते करायला लावून डिजिटल चलन कमावण्याची, सोयही दिली होती. ती वापरकर्त्याने स्वतः चालू करायची होती हे खरे, पण वीजबिल ग्राहकाचे आणि नॉर्टनच्या बाबतीत कमाईतील १५ टक्के कंपनीचे, हा हिशेब सचिवपदावरच्या माणसाला सांगून पाहा.

बिटडिफेंडर ही रुमानियाची कंपनी; तिची मोफत आवृत्ती आटोपशीर आहे, रिअल-टाइम संरक्षण देते, फक्त खाते उघडावे लागते. बाहेरचाच मोफत अँटिव्हायरस हवा असेल तर मी आज हिच्याकडे बोट दाखवीन. मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती उपयुक्त आहे, पण सुरुवातीचे चाचणीचे दिवस संपल्यावर ती आपणहून पहारा देत नाही. आपण सांगू तेव्हा तपासणी करते. दुसरे मत घेण्यासाठी ती ठीक. रशियाच्या कॅस्परस्कीवर अमेरिकेने २०२४ मध्ये विक्रीबंदी घातली, ती राजकीय जोखमीच्या कारणावरून. ती बंदी आपल्याला लागू नाही, पण असल्या वादात वडिलांचे यंत्र का अडकवायचे, म्हणून मी तो विषय तेथेच सोडला.

राहता राहिला डिफेंडर. त्याची जुनी बदनामी अजून पाठ सोडत नाही. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी एसेन्शियल्स हे अँटिव्हायरस मोफत दिले, विंडोज ८ पासून तेच काम डिफेंडरच्या नावाने थेट विंडोजमध्ये आले, आणि २०१३ च्या सुमारास स्वतंत्र चाचण्यांत त्याचा क्रमांक तळाशी असे. ते दिवस गेले. जर्मनीतील मॅगडेबर्गची एव्ही-टेस्ट ही अँटिव्हायरसची चाचणी घेणारी संस्था संरक्षण, वेग आणि वापरसुलभता या तिन्हींसाठी प्रत्येकी ६ गुण देते. तिच्या गेल्या काही वर्षांच्या अहवालांत डिफेंडर नामांकित सशुल्क उत्पादनांच्या पंक्तीला बसलेला दिसतो. ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या तशाच संस्थेचे अहवालही कोणालाही फुकट वाचता येतात. मी दोन्हीकडे एकाच अहवालावर न विसंबता सलग तीन-चार अहवाल पाहिले, कारण एका महिन्याच्या अर्ध्या गुणाच्या फरकावर निवड करणे म्हणजे एका सामन्यावरून फलंदाज निवडण्यासारखे आहे. डिफेंडरचा खर्च विंडोजच्या किमतीत आधीच आला आहे आणि तो दर आठवड्याला "आता अपग्रेड करा" असे विनवीत नाही. माझा निर्णय येथेच झाला.

मग दोन्ही जुने अँटिव्हायरस काढले. नेहमीच्या पद्धतीने काढल्यावरही एकाचे अवशेष उरले, म्हणून त्याच्या निर्मात्यानेच दिलेले सफाईचे साधन चालवावे लागले. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर डिफेंडर आपोआप जागा झाला. त्याचे ऑफलाइन स्कॅन मी सर्वांत आधी चालवले. यात विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजच्या आड लपून बसणारे काही असेल तर त्याला लपायला जागा उरत नाही. नको असलेले प्रोग्रॅम अडवण्याची सोय चालू आहे का ते पाहिले. कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस ही सोय मूळात बंद असते, ती चालू केली. ती चालू असली की अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांत बदल करता येत नाहीत, म्हणजे खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणाऱ्या रॅन्समवेअरला मोठा अडथळा होतो. तिचा थोडा जाचही आहे: बाबांचा जुना स्कॅनरचा प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी अडला आणि त्याला हाताने परवानगी द्यावी लागली. शेवटी बाबांचे खाते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरऐवजी साधे केले. नवे काही बसवायचे तर पासवर्ड लागतो, आणि तो आईकडे आहे.

खरा धोका मात्र आमच्या चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात होता. बाबा दर महिन्याची बिले पेन ड्राइव्हवर घेऊन तेथे छापायला जात आणि परत आल्यावर त्यात फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसत. हा 'शॉर्टकट व्हायरस' आपल्याकडे इतका मुरला आहे की लोक त्याला सर्दीसारखा समजतात. पूर्वी पेन ड्राइव्ह लावताच ऑटोरनमुळे प्रोग्रॅम आपोआप चालत असे. विंडोज ७ मध्ये आणि २०११ नंतर जुन्या विंडोजमध्येही ती वाट बंद झाली. मग व्हायरस लिहिणाऱ्यांनी माणसालाच क्लिक करायला लावण्याची युक्ती काढली. मूळ फोल्डर लपवायचे, त्याच नावाचा शॉर्टकट ठेवायचा, आणि त्यावर क्लिक केले की आधी व्हायरस चालवून मग खरा फोल्डर उघडून दाखवायचा. फोल्डर उघडला म्हणून वापरणाऱ्याला शंकाही येत नाही. फायली गेलेल्या नसतात, फक्त लपलेल्या असतात, हे ठाऊक नसल्याने कित्येक जण पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून मोकळे होतात. आता बाबा बिलांची पीडीएफ दुकानदाराला ईमेलने पाठवतात, आणि पेन ड्राइव्ह नेलाच तर घरी आल्यावर उघडण्यापूर्वी त्यावर उजवी क्लिक करून डिफेंडरकडून तपासून घेतात. शंका राहिलीच तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत सफाई साधने आहेत. हे केंद्र सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केले असून क्विक हीलनेही त्यासाठी मोफत साधन दिले आहे, हे कळल्यावर बाबांची पुण्याविषयीची निष्ठाही शाबूत राहिली.

एक अडचण कोणताही अँटिव्हायरस सोडवू शकत नव्हता. बाबांच्या यंत्रात विंडोज १० आहे, आणि मी पोहोचण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे नेहमीची सुरक्षा अद्यतने, संपला होता. प्रोसेसर २०१७ चा असल्याने विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही. डिफेंडरला नव्या व्हायरसांची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार असली, तरी खुद्द विंडोजमधील भोके बुजली नाहीत तर दारावरचा पहारेकरी खिडकीचे काय करणार? म्हणून वाढीव सुरक्षा अद्यतनांसाठी नोंदणी केली. तिने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय झाली. त्याआधी नवे यंत्र घ्यायचे, असे बाबांनी कबूल केले आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "हा काम करतो आहे हे कळणार कसे? पिवळी खिडकी तर येत नाही." मी नोटपॅड उघडून ऐकार या युरोपीय संस्थेने ठरवलेली ६८ अक्षरांची चाचणी-ओळ टाकली. ती पूर्ण निरुपद्रवी आहे, पण सगळे अँटिव्हायरस तिला ठरवून व्हायरस मानतात. फाइल साठवताच डिफेंडरने ती उचलून नेली. बाबांनी मला तीच ओळ पुन्हा टाकायला लावली, मग स्वतः टाकून पाहिली. त्यानंतर आम्ही बाहेरच्या हार्ड डिस्कवर संस्थेच्या हिशेबाची पहिली प्रत घेतली. ती डिस्क आता दर महिन्याच्या सभेनंतर जोडायची, प्रत घ्यायची आणि लगेच काढून कपाटात ठेवायची, असे बाबांनी संस्थेच्या वहीत सचिवाच्या कामांच्या यादीत लिहून ठेवले आहे.