धक्का, पण नियमातला

शनिवार, रात्री

पालकांना आज पुन्हा हात जोडून सांगितलं, टचलाइनवरून, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवरून, "घुस, घुस" ओरडू नका. घुस म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या पोराला कुणी शिकवलेलंच नसतं.

बारा वर्षांखालच्यांचा फुटबॉलचा सराव होता. दोघांच्या मधोमध बॉल सोडायचा, दोन्हीकडून एकेकाने धावायचं. शेवटच्या दोन पावलांत जो दबकतो, तो हरतो. आमचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, तिथेच दबकतो. पायात बॉल असला की पोरगं झकास खेळतं, पण समोरून कुणी आलं की घोटा सैल पडतो, मान बाजूला वळते. बॉल हिसकावायला असं अर्धवट गेलं (टॅकल केलं) तरच पाय मुरगळायची भीती जास्त. बाजूला घेऊन विचारलं तर म्हणतो, "सर, धक्का लागला तर फाउल ना?"

बरोबरच आहे त्याचं. धक्काबुक्की करायची नाही, हे घरी आणि शाळेत ऐकतच तो मोठा झालाय. त्याला भित्रा म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो.

मग सगळ्यांना खाली बसवून फुटबॉलचा बारावा नियम, फाउलचा, सांगितला. बॉल आवाक्यात असेल आणि हात अंगालगत असेल, तर खांद्याला खांदा भिडवून जागा मिळवता येते. शिट्टी वाजते ती निष्काळजीपणे, बेदरकारपणे किंवा नको इतका जोर लावून गेलात तर. त्यानंतर जोड्या लावल्या. आधी बॉलशिवाय, चालत चालत, गुडघे किंचित वाकवून खांद्याने रेटायचं. खिदळणं सुरू होतं, ते चालू दिलं. अंगाला अंग लागण्याची सवय हसतखेळत लवकर होते. बॉल आला तसं हसू आपोआप थांबलं.

लेफ्ट बॅकला फिलिप लामचं सांगितलं. उंची जेमतेम १.७० मीटर, २०१४च्या विश्वविजेत्या जर्मनीचा कर्णधार, आणि अख्ख्या कारकिर्दीत एकही लाल कार्ड नाही. ताकदीपेक्षा आधी पोचणं आणि बॉल व प्रतिस्पर्धी यांच्यामध्ये आपलं अंग घालणं महत्त्वाचं. त्याला ते पटलं की नाही, कळलं नाही. नंतर एकदा मात्र तो न दबकता गेला, पडला, आणि उठताना आधी माझ्याकडे न बघता बॉल कुठे गेला ते बघितलं. मला तेवढं पुरे.

आवाजाचं काम अजून बाकी आहे. बॉल मागताना निम्मी पोरं पुटपुटतात. शिवाय "सोड!" ओरडून समोरच्याला फसवलं तर पिवळं कार्ड मिळू शकतं, हेही सांगायचं राहिलंय.

आमच्या एका मुलीची अडचण नेमकी उलटी. ती प्रत्येक बॉलवर तुटून पडते आणि मागची जागा मोकळी सोडते. तिला थांबायला शिकवणं जास्त अवघड जाणार.

मंगळवारी तीन विरुद्ध तीन, छोटं मैदान. संघ उंची बघून पाडायचे, नाहीतर वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली, म्हणून काही महिन्यांनी मोठी असलेली दांडगी पोरं एकाच बाजूला जातात आणि बाकीचे खेळायच्या आधीच हरतात.